फुकटचा व्हीसीपीयू कितीला पडतो?

एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांसाठी आणि महिन्याच्या भाड्याने क्लाउड घेणाऱ्यांसाठी खर्चाचा हिशेब

व्हर्च्युअल मशीन उभे करताना कमांडमध्ये प्रोसेसरची संख्या लिहावी लागते. तिथे दोनच्या जागी आठ लिहिले तरी काही बिघडत नाही. मशीन सुरू होते, आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला आठ प्रोसेसर दिसतात आणि जादा पैसे कोणी मागत नाही. मेमरी जास्त वाटली तर ती लवकरच संपते आणि एखादे मशीन बंद पडते. डिस्क भरली की लिहिणेच थांबते. प्रोसेसरचा आकडा मात्र उधारीवर चालतो. आठ कोअरच्या यंत्रावर बत्तीस व्हर्च्युअल प्रोसेसर, म्हणजे व्हीसीपीयू, आरामात वाटता येतात आणि काम हलके असेपर्यंत कोणाची तक्रारही येत नाही.

या उधारीचे बिल तीन ठिकाणी फुटते: वाट पाहण्यात गेलेला वेळ, सॉफ्टवेअरचे लायसन्स आणि क्लाउडचा जादा आकार. कमांड लाइनवरची टूल्स आधी इशारा देतात, पण तो अर्धाच असतो. उरलेला हिशेब आपला आपल्यालाच करावा लागतो. ऑफिसात एका सर्व्हरवर पाच-सहा मशीन सांभाळणारे, कॉलेजची लॅब चालवणारे आणि व्हीपीएस भाड्याने घेणारे अशा तिघांनाही तो करता यावा, म्हणून हे मार्गदर्शन. कमांडची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

व्हीसीपीयू घेतला म्हणजे काय मिळाले?

व्हर्च्युअल मशीन चालवणारा केव्हीएम हा हायपरव्हायझर २००७ पासून लिनक्स कर्नलचा भाग आहे. त्यात प्रत्येक व्हीसीपीयू हा होस्टच्या, म्हणजे मूळ सर्व्हरच्या, लेखी फक्त एक थ्रेड असतो. बॅकअपचा थ्रेड, नेटवर्कचा थ्रेड आणि हा, सगळे शेड्युलरच्या एकाच रांगेत उभे राहतात. नंबर लागला की काही मिलिसेकंद खऱ्या कोअरवर काम होते, मग उतरावे लागते. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला बहुतेक वेळा याचा पत्ता नसतो. प्रोसेसर कायम आपलाच आहे असे धरून ती चालते.

पंगत लवकर उठते ती वाढपी किती आहेत त्यावर. पाने जास्त मांडल्याने नाही. आठ वाढपी असताना बत्तीस पाने मांडली आणि जेवणारे सावकाश असले तर कोणाचे अडत नाही. सगळ्यांनी एकदम भात मागितला की मात्र हात थांबतात. व्हीसीपीयूची संख्या म्हणजे पाने, कोअर म्हणजे वाढपी.

कोअर मोजतानाही एक चकवा आहे. हायपरथ्रेडिंग असलेल्या आठ कोअरच्या यंत्रावर ‘एनप्रॉक’ ही कमांड सोळा आकडा दाखवते. हे सोळा म्हणजे सोळा कोअर नव्हेत; एकेका कोअरची साधने दोन थ्रेड वाटून घेतात. त्यातून मिळणारी वाढ कामाच्या प्रकारावर अवलंबून असते आणि साधारण पाव हिश्श्याच्या आसपास धरणे शहाणपणाचे. म्हणजे सोळा दिसले तरी हिशेबात दहा कोअरची ताकद धरावी. खरा आकडा ‘एलएससीपीयू’ किंवा ‘व्हर्श नोडइन्फो’ सांगते. त्यात सॉकेट, प्रत्येक सॉकेटमधले कोअर आणि प्रत्येक कोअरवरचे थ्रेड वेगवेगळे छापून येतात. सॉकेटला कोअरने गुणा. थ्रेडचा गुणाकार सोडून द्या.

इशारा मिळतो, पण कशाचा?

प्रत्येक टूलचा स्वभाव वेगळा आहे.

*व्हर्ट-इन्स्टॉल.* जुन्या आवृत्त्यांत ‘चेक-सीपीयू’ नावाचा पर्याय होता. तो कमांडमध्ये दिला तरच टूल तपासणी करायचे, आणि मागितलेले व्हीसीपीयू होस्टच्या खऱ्या सीपीयूंपेक्षा जास्त असले तर ‘चालेल, पण कामगिरी वाईट राहील’ अशा अर्थाची ओळ छापायचे. पुढे हा पर्याय कालबाह्य ठरला. तो नाही म्हणून धोका गेला असे मात्र समजू नये.

*क्यूएमयू.* केव्हीएमने सुचवलेल्या संख्येपेक्षा जास्त प्रोसेसर मागितले तर एक वॉर्निंग छापून मशीन सुरू करतो. केव्हीएमची तांत्रिक कमाल ओलांडली तरच नकार देतो.

*व्हर्श.* ‘मॅक्सव्हीसीपीयूज’ ही उपकमांड पाहून अनेकांचा गैरसमज होतो. तिने दिलेला आकडा हायपरव्हायझरची कमाल मर्यादा असते. तुमच्या यंत्राला किती झेपेल याच्याशी त्याचा संबंध नाही.

*प्रॉक्समॉक्स.* इथे ‘क्यूएम’ हे टूल जरा कडक आहे. एका मशीनला होस्टवर आहेत त्यापेक्षा जास्त कोअर दिले तर ते सुरूच होऊ देत नाही. मात्र आठ कोअरच्या यंत्रावर प्रत्येकी चार कोअरची चार मशीन, एकूण सोळा, चालवणे सुरक्षित आहे असे त्याचीच मार्गदर्शिका सांगते.

*व्हर्च्युअलबॉक्स.* त्याच्या मॅन्युअलचा सल्ला स्पष्ट आहे: मशीनला खऱ्या कोअरपेक्षा जास्त सीपीयू देऊ नका, आणि मोजताना हायपरथ्रेड धरू नका. लॅपटॉपवर सराव करणाऱ्यांनी हे पाळावेच, कारण तिथे होस्टचा ब्राउझर आणि अँटिव्हायरसही त्याच कोअरवर जगत असतात.

या सगळ्या तपासण्यांत एक समान उणीव आहे. प्रत्येक टूल एका मशीनची तुलना होस्टशी करते. सगळ्या मशीनची बेरीज कोणी करत नाही. सोळा थ्रेडच्या होस्टवर आठ-आठ व्हीसीपीयूची चार मशीन उभी करा. आठ हा आकडा सोळाच्या आतला, त्यामुळे चारही वेळा टूल गप्प. बेरीज मात्र बत्तीस झाली, म्हणजे खऱ्या कोअरच्या चौपट. चारही मशीननी आपापल्या आठ व्हीसीपीयूंवर साठ टक्के काम काढले तर मागणी एकोणीस कोअरच्या वर जाते आणि ताकद दहाची. वॉर्निंग आली नाही याचा अर्थ बेरीज ठीक आहे असा कधीच घेऊ नये.

पहिला खर्च: वाट पाहण्याचा

रिकामा बसलेला व्हीसीपीयू जवळजवळ फुकट असतो. खर्च सुरू होतो तो अनेकांना एकाच वेळी काम लागते तेव्हा. त्यातही जास्त व्हीसीपीयूच्या मशीनला हा फटका आधी बसतो, हे पुष्कळांना उलटे वाटते.

कारण असे. आठ व्हीसीपीयूच्या मशीनमध्ये कर्नलचे एखादे कुलूप एका व्हीसीपीयूने धरले आणि नेमक्या त्याच क्षणी होस्टने त्याला कोअरवरून उतरवले, तर बाकीचे सात त्या कुलपाची वाट पाहत जागेवरच गिरक्या घेतात. ही वाट पाहण्यातही खरा कोअर जळतो. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये असे रिकामे फेरे ओळखून थांबवण्याची सोय आहे, पण तिने नुकसान कमी होते, संपत नाही. गर्दी फार वाढली की आतले लिनक्स ‘सॉफ्ट लॉकअप’ची तक्रार लॉगमध्ये लिहू लागते. तिचा अर्थ एखादा प्रोसेसर नेहमीच्या सेटिंगप्रमाणे वीस सेकंदांहून जास्त अडकून बसला. लॉगमध्ये ती ओळ दिसली की लोक मशीनमधल्या सॉफ्टवेअरवर संशय घेतात. आधी होस्टवरची गर्दी पाहावी.

म्हणूनच हळू चालणाऱ्या मशीनला आणखी व्हीसीपीयू दिले की कित्येकदा ते आणखी हळू होते. चार चालतात तिथे आठ देणे ही सुधारणा नव्हे.

दुसरा खर्च: लायसन्सचा

इथे पैसे थेट दिसतात. लायसन्सच्या मीटर तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीवर व्हीसीपीयूचा परिणाम वेगळा होतो.

पहिली मीटर व्हीसीपीयू मोजते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचे लायसन्स एकेका व्हर्च्युअल मशीनसाठी घेतले तर त्याचा प्रत्येक व्हीसीपीयू एक कोअर धरला जातो, किमान चार कोअरचे पैसे भरावेच लागतात आणि विक्री दोन कोअरच्या पॅकने होते. २०२२ आवृत्तीच्या जाहीर दरयादीत स्टँडर्डचा असा एक पॅक ३,९४५ डॉलरचा होता. चार व्हीसीपीयूला दोन पॅक, म्हणजे ७,८९० डॉलर. आठला चार पॅक, म्हणजे १५,७८० डॉलर. कमांडमध्ये ‘असू दे’ म्हणून चारचे आठ केले, त्याची ही किंमत. त्याउलट दोन व्हीसीपीयू देऊन इथे काही वाचत नाही, कारण किमान चारचे पैसे तसेही जातात.

दुसरी मीटर होस्टचे खरे कोअर मोजते. विंडोज सर्व्हर या प्रकारात येतो: प्रत्येक प्रोसेसरमागे किमान आठ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान सोळा कोअरचे लायसन्स. डेटासेंटर आवृत्ती असेल तर त्या सर्व्हरवर कितीही मशीन आणि कितीही व्हीसीपीयू चालवा, आकडा तोच राहतो. इथे जादा वाटप फायद्याचे ठरते.

तिसरी मीटर सगळ्यात महाग. ओरॅकल डेटाबेसच्या धोरणात साध्या केव्हीएम किंवा व्हीएमवेअरवरची विभागणी ‘मऊ’ धरली जाते. दोनच व्हीसीपीयूच्या मशीनवर डेटाबेस असला तरी कंपनी पूर्ण होस्टच्या कोअरचा हिशेब लावते. नेहमीच्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरसाठी त्या संख्येच्या निम्म्याने. व्हीसीपीयू कमी करून हे बिल उतरत नाही. असा डेटाबेस कमी कोअरच्या स्वतंत्र यंत्रावर ठेवणे हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

आणखी एक छुपा तोटा सॉकेटचा. टूलला वेगळे सांगितले नाही तर काही मांडण्यांत प्रत्येक व्हीसीपीयू स्वतंत्र सॉकेट म्हणून आत दिसतो. विंडोज १० प्रो दोनच सॉकेट वापरते आणि होम एकच. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस एक सॉकेट किंवा चार कोअर, यांतले जे कमी असेल तेवढेच वापरते. म्हणजे आठ व्हीसीपीयू आठ सॉकेट म्हणून दिले, तर विंडोज १० प्रो त्यातले दोनच वापरणार. अशा वेळी संख्या वाढवण्याऐवजी व्हर्ट-इन्स्टॉलच्या व्हीसीपीयूच्या पर्यायात ‘सॉकेट एक, कोअर चार’ अशी मांडणी लिहून द्यावी. हा बदल पूर्ण फुकट आहे.

तिसरा खर्च: क्लाउडचा

भाड्याच्या मशीनमध्ये जादा वाटप दुसरा कोणीतरी करत असतो आणि तुम्ही त्या पंक्तीत बसलेले असता. चांगले विक्रेते हे उघड सांगतात, फक्त दरपत्रकात जरा खाली.

अॅमेझॉनच्या टी मालिकेतली मशीन स्वस्त असतात कारण त्यांत प्रोसेसर पूर्ण वेळ मिळत नाही. टी३.मायक्रोमध्ये दोन व्हीसीपीयू आहेत, पण प्रत्येकाचा हक्क दहा टक्क्यांचा. त्याखाली राहिलात तर क्रेडिट साठते, वर गेलात तर खर्च होते. एक क्रेडिट म्हणजे एक व्हीसीपीयू एक मिनिट पूर्ण ताकदीने. टी३ मूळ सेटिंगनेच ‘अनलिमिटेड’ असते, म्हणजे क्रेडिट संपले तरी मशीन मंदावत नाही. जादा वापराचे लिनक्ससाठी प्रति व्हीसीपीयू-तास पाच सेंट लागतात.

हिशेब करून पाहू. दोन्ही व्हीसीपीयू महिनाभर सरासरी पन्नास टक्के वापरले. हक्काचे दहा टक्के वजा केले की प्रत्येकी चाळीस टक्के जादा, मिळून ०.८ व्हीसीपीयू. महिन्याचे ७२० तास धरले तर ५७६ व्हीसीपीयू-तास, म्हणजे २८.८० डॉलर. उत्तर व्हर्जिनिया केंद्रात या मशीनचे भाडे तासाला १.०४ सेंट, म्हणजे महिन्याला सुमारे साडेसात डॉलर. जादा आकार भाड्याच्या जवळजवळ चौपट झाला. दोन्ही मिळून सुमारे ३६.३० डॉलर, त्यावर भारतात १८ टक्के जीएसटी धरला की ४३ डॉलरच्या आसपास. डिस्क आणि डेटाचे पैसे वेगळे.

हे अगदीच वाया गेले असेही नाही. पूर्ण हक्काच्या दोन व्हीसीपीयूचे सी५.लार्ज त्याच केंद्रात तासाला साडेआठ सेंटने महिन्याला ६१.२० डॉलरला पडते. एक जीबी मेमरीत काम भागत असेल तर मायक्रो अजूनही स्वस्त. मात्र बजेट साडेसात डॉलरचे धरले असेल तर ते चुकले. मुंबई आणि हैदराबाद केंद्रांचे दर वेगळे आहेत. खरेदीच्या दिवशीचा दर घालून हीच आकडेमोड करावी.

गुगलच्या ई२-मायक्रोमध्येही आत दोन व्हीसीपीयू दिसतात, पण सलग मिळणारी ताकद दोन्ही मिळून पाव व्हीसीपीयूची. ई२-स्मॉलला अर्धा, ई२-मीडियमला एक. दरपत्रकात व्हीसीपीयूची संख्या पाहून दोन विक्रेत्यांची तुलना करणे म्हणूनच फसवे आहे. एकाचा व्हीसीपीयू पूर्ण कोअर असतो, दुसऱ्याचा अर्ध्या कोअरचा थ्रेड, तिसऱ्याचा त्या थ्रेडचा दहावा हिस्सा.

मग प्रमाण किती ठेवावे?

सगळ्या मशीनच्या व्हीसीपीयूची बेरीज भागिले खरे कोअर, हे ते प्रमाण. त्याचा एकच योग्य आकडा नाही. रेड हॅटच्या एंटरप्राइझ लिनक्स ७ च्या मार्गदर्शिकेत एका खऱ्या कोअरमागे दहापेक्षा जास्त व्हीसीपीयू वाटू नयेत असे म्हटले आहे, आणि एका मशीनला होस्टच्या कोअरपेक्षा जास्त व्हीसीपीयू देऊ नयेत असेही. ओपनस्टॅकमध्ये मूळ प्रमाण बराच काळ सोळास एक होते; पुढे ते चारास एक केले गेले. दहा काय किंवा सोळा काय, हे छत आहे; तिथपर्यंत जायलाच हवे असे नाही. छोट्या ऑफिसांसाठी आणि लॅबसाठी पुढचे ठोकताळे धरून सुरुवात करता येईल.

- डेटाबेस, टेलिफोनीची यंत्रणा, वेळेला बांधलेली कामे: एकास एक. शक्य तर कोअर राखून.
- वेब सर्व्हर, फाइल सर्व्हर, हिशेबाचे सॉफ्टवेअर: दोनास एक ते तिनास एक.
- डेव्हलपमेंट आणि चाचणीची मशीन: चारास एक.
- सराव वर्गाची मशीन, जिथे बहुतेक वेळ विद्यार्थी वाचत किंवा टाइप करत असतो: त्याहूनही जास्त चालते, अट एवढीच की प्रत्येक मशीनला एकच व्हीसीपीयू द्यावा. सगळ्यांनी एकाच वेळी कंपाइल करायचे असेल तर हे गणित कोसळते.

मोजण्याआधी होस्टसाठी एक-दोन कोअर बाजूला काढावेत. डिस्क आणि नेटवर्कचे काम होस्टच करतो. त्यालाच प्रोसेसर मिळाला नाही तर सगळी मशीन एकदम अडखळतात.

गर्दी झाली आहे का, हे कसे ओळखावे?

मोजणी पूर्ण फुकट आहे आणि नवे यंत्र घेण्याआधी ती व्हायलाच हवी.

*मशीनच्या आतून.* लिनक्समध्ये ‘टॉप’ चालवा. सीपीयूच्या ओळीत शेवटचा आकडा ‘एसटी’चा, म्हणजे स्टील. काम करायचे होते पण होस्टने दुसऱ्याला बसवले, असा तो वेळ. ‘व्हीएमस्टॅट’मध्येही तोच रकाना आहे. नुसत्या आकड्यापेक्षा त्याचे कामाशी प्रमाण पाहा. यूझरचे आणि सिस्टिमचे मिळून ४५ टक्के, स्टील १५ टक्के असेल तर मशीनला हवे होते ६० आणि मिळाले ४५. चौथा हिस्सा गेला. अशा मशीनचे महिन्याचे भाडे ३,००० रुपये असेल तर व्यस्त वेळेत ते तुम्हाला ४,००० च्या भावाने पडते. मात्र प्रत्येक हायपरव्हायझर हा आकडा आत पोचवतोच असे नाही. शून्य दिसले तरी काम रेंगाळत असेल तर होस्टवरून पाहावे लागते.

*होस्टवरून, केव्हीएम असेल तर.* ‘व्हर्श लिस्ट’ने मशीनची यादी घ्या, प्रत्येकाचे ‘डॉमइन्फो’ पाहून व्हीसीपीयूची बेरीज करा. मग ‘व्हर्श डॉमस्टॅट्स’ला व्हीसीपीयूचा पर्याय देऊन चालवा. नव्या आवृत्त्यांत प्रत्येक व्हीसीपीयूपुढे ‘डिले’ हा आकडा येतो. रांगेत घालवलेला एकूण वेळ, नॅनोसेकंदांत. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घेऊन वजाबाकी करा. साठ सेकंदांत सहा सेकंद वाढले तर दहा टक्के वेळ रांगेत गेला.

*होस्टवरून, व्हीएमवेअर असेल तर.* ‘सीपीयू रेडी’चा आलेख पाहा. प्रत्यक्ष वेळेच्या आलेखात एक नोंद वीस सेकंदांची असते, म्हणून १,००० मिलिसेकंद म्हणजे पाच टक्के. मशीनचा एकत्र आकडा असेल तर त्याला व्हीसीपीयूंच्या संख्येने भागा. प्रति व्हीसीपीयू पाच टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. दहाच्या पुढे वापरणाऱ्याला संथपणा जाणवू लागतो. शेजारचा ‘को-स्टॉप’ वाढलेला असेल तर मशीनला व्हीसीपीयू जास्त झाले आहेत असे समजावे.

मोजमाप कामाच्या दिवशीच घ्यावे: सकाळी ऑफिस उघडल्यावर, महिनाअखेरीच्या हिशेबाच्या वेळी आणि रात्री बॅकअप चालू असताना. रविवारी दुपारी सगळेच सर्व्हर निरोगी दिसतात.

उपाय: स्वस्तापासून महागाकडे

१. *वेळा पसरवा.* खर्च शून्य. सगळ्या मशीनचा बॅकअप, अँटिव्हायरसची तपासणी आणि अपडेट रात्री एकाच ठोक्याला सुरू होत असतील तर त्यांच्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे अंतर ठेवा. बरीच गर्दी एवढ्यानेच मोडते.

२. *व्हीसीपीयू कमी करा.* खर्च एका रीस्टार्टचा. आठ व्हीसीपीयूचे मशीन आठवडाभरात दोनच्या वर कधी गेले नसेल तर त्याला तीन किंवा चार पुरे. नवे मशीन उभारताना दोनने सुरुवात करा आणि कमाल मर्यादा चार लिहून ठेवा. गरज पडली की ‘व्हर्श सेटव्हीसीपीयूज’ने चालू मशीनमध्ये वाढवता येतात, चालू मशीनमधून काढणे तितके सोपे नसते.

३. *अग्रक्रम लावा.* खर्च शून्य. ‘व्हर्श शेडइन्फो’मध्ये सीपीयू शेअर्सचा आकडा असतो. हिशेबाच्या मशीनला चाचणीच्या मशीनच्या दुप्पट शेअर दिले तर गर्दीत त्याला दुप्पट वेळ मिळतो. गर्दी नसेल तर कोणाचेच नुकसान होत नाही. एखादे मशीन वारंवार उधळत असेल तर तिथेच कोटा घालून त्याला वेसण घाला. कोटा मात्र यंत्र रिकामे असतानाही लागू राहतो, म्हणून जपून.

४. *कोअर राखून ठेवा.* खर्च लवचिकतेचा. ‘व्हीसीपीयूपिन’ने महत्त्वाच्या मशीनचे व्हीसीपीयू ठरावीक कोअरला बांधता येतात. बांधलेल्या कोअरवर इतरांना मज्जाव केला नाही तर याचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवा.

५. *दुसरे यंत्र.* वरचे चार करूनही व्यस्त वेळेत रांगेतला वेळ दहा टक्क्यांच्या वर राहत असेल, तरच. घेताना एका कोअरचा वेग आधी पाहा आणि कोअरची संख्या नंतर. लायसन्स कोअरवर असेल तर कमी पण वेगवान कोअरचे यंत्र एकूण खर्चात स्वस्त पडते.

भाड्याने घेण्याआधी विक्रेत्याला विचारा

- व्हीसीपीयू शेअर्ड आहे की डेडिकेटेड? शेअर्ड असेल तर हमी किती टक्क्यांची?
- एक व्हीसीपीयू म्हणजे पूर्ण कोअर की थ्रेड?
- सलग पूर्ण वापर केल्यास मशीन मंदावणार, जादा बिल येणार, की खाते थांबवणार? ‘न्याय्य वापरा’च्या अटीत हे लिहिलेले असते.
- स्टील ठरावीक टक्क्यांच्या वर राहिले तर दुसऱ्या होस्टवर हलवून देणार का? किती वेळात?
- सुरुवातीच्या किती दिवसांत पैसे परत मिळतात?

उत्तरे ईमेलवर घ्या. परताव्याच्या मुदतीतच मशीनवर ‘सिसबेंच’ची सीपीयू चाचणी एका, दोन आणि चार थ्रेडने, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चालवा. चार थ्रेडचे काम एकाच्या चौपटीच्या जवळपास गेले तर दिलेले कोअर खरे आहेत. दुपटीच्या आसपास अडले तर ते थ्रेड आहेत किंवा गर्दी आहे. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली तर गर्दी नक्की. हे आकडे तारखेसह जपून ठेवा. वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, करता येते. धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत सहसा बसत नाही, त्यामुळे तिथे करारातले शब्दच कामी येतात.

आता स्वतःच्या सर्व्हरपुरते बोलायचे तर एक कागद पुरतो. डावीकडे प्रत्येक मशीनचे नाव आणि व्हीसीपीयू, उजवीकडे आठवड्यातला सर्वाधिक वापर आणि लायसन्सची मीटर कोणती, खाली बेरीज आणि खरे कोअर. नवे मशीन मागणाऱ्याने आधी या कागदावर ओळ लिहायची आणि बेरीज पुन्हा करायची. टूल ही बेरीज करत नाही, म्हणून ती करण्याची जबाबदारी कोणा एकाच्या नावावर टाका.